आधीचा कोबी, नंतरचा कोबी

देसांकाचा भाऊ उरोश कोबी पिकवायचा आणि देसांका तोच कोबी आमच्या संस्थेतल्या उंदरांना खाऊ घालायची. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. सर्बियातल्या आमच्या नोवी साद शहराच्या आसपास सगळीकडे कोबीच. थंडी सुरू झाली की बाल्कनीबाल्कनीत आंबवणाची पिंपं उभी राहतात, जिन्यात तो वास भरतो आणि पार वसंत येईपर्यंत तेच ताटात असतं. प्रयोगासाठी कोबी लागणार हे कळल्यावर उरोशच म्हणाला होता, बाजारातून कशाला आणतेस, घरचा घेऊन जा. पोती घेऊन तो स्वतः आला. जनावरांच्या खोलीच्या दारात उभा राहून त्यानं पिंजऱ्यांच्या रांगा पाहिल्या आणि म्हणाला, "हे पांढरे साहेब माझ्यापेक्षा चांगल्या खोलीत राहतात की."

मी इलोन्का, त्याच संस्थेत पॅथॉलॉजिस्ट. माझं काम अगदी शेवटचं. उंदीर मेले की त्यांच्या आतड्यांचे पातळ काप काचपट्ट्यांवर येतात. ते मायक्रोस्कोपखाली पाहायचे आणि गाठी आहेत का, कुठे आहेत, कसल्या आहेत ते सांगायचं. कुठली काच कुठल्या गटातली, हे मला मुद्दाम सांगत नाहीत. बरंच आहे ते. मला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही.

प्रयोग सांगायला सोपा आणि करायला कंटाळवाणा होता. उंदरांना एक रसायन टोचायचं. ते रसायन जसंच्या तसं फारसं काही करत नाही. यकृत त्याला हात लावतं, त्याचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप मोठ्या आतड्यातल्या पेशी बिघडवतं. मग काही महिन्यांनी गाठी येतात. म्हणजे विष आपण अर्धंच देतो, उरलेलं अर्धं शरीर स्वतः तयार करतं. देसांकाला सगळा रस या मधल्या टप्प्यात होता. पोटात काय पडतंय त्यावर यकृताचं वागणं बदलतं का, एवढाच तिचा प्रश्न. त्या एका प्रश्नापायी तिचे केस पांढरे झाले, नवरा बेलग्रेडला निघून गेला आणि मांजर पाळायचं राहून गेलं, कारण तिच्या अंगाला कायम उंदरांचा वास यायचा.

ती कोबी वाळवायची, दळायची, खुराकात मिसळून त्याच्या वड्या पाडायची आणि त्या पुन्हा वाळवायची. एका गटाला या वड्या, दुसऱ्याला साधा खुराक. कोबी सुरू करायचा तो रसायन टोचण्याच्या बराच आधीपासून. टोचल्यावर काही उंदरांना ती बंद काचेच्या बरण्यांत ठेवायची आणि त्यांचा श्वास गोळा करायची. त्या श्वासात तिला तिचं उत्तर सापडलं. कोबी खाल्लेल्या उंदरांच्या अंगातून ते रसायन वायू होऊन श्वासावाटे जास्त बाहेर पडत होतं, आतड्यापर्यंत कमी पोचत होतं. पुढे काचा माझ्याकडे आल्या. मी पाहिल्या, आकडे दिले. कुठली काच कुणाची ते उघडलं तेव्हा फरक लपण्यासारखा नव्हता. कोबीवाल्या उंदरांत गाठी खूपच कमी होत्या.

"खूश हो की जरा," मी तिला म्हटलं.

"आधी झोप काढते," ती म्हणाली.

खूश झाले ते इतर लोक. आमचे प्रमुख, प्राध्यापक बुगार्स्की, रेडिओवर गेले. माणूस वाईट नव्हता. निवृत्ती जवळ आली होती आणि आयुष्यभर त्यांना कुणी रेडिओवर बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, 'आमच्या कोबीचे गुण आता प्रयोगशाळेतही दिसू लागले आहेत.' उंदरांचा उल्लेख त्यांनी केला होता, पण सकाळी चहा पिता पिता रेडिओ ऐकणाऱ्याच्या कानात उंदीर कुठे राहतात? महिन्याभरात उरोशच्या गावात शिरताना रस्त्याकडेला एक मोठा फलक लागला. त्यावर हसरा कोबी आणि खाली ओळ, 'विज्ञान सांगतं: आमचा कोबी, निरोगी आतडं.' देसांकानं गावातल्या सहकारी संस्थेला फोन करून तो काढायला सांगितला. तिकडून उत्तर आलं, "डॉक्टर, एवढा खर्च करून लावलाय, जरा राहू दे."

उरोशनं त्या फलकाखाली उभा राहून फोटो काढून घेतला आणि तो गावच्या खाणावळीत लावला.

देसांका तोवर पुढच्या प्रयोगाला लागली होती. त्यात नवीन काही नव्हतं, तिच्या मते तो करणं भागच होतं. आधी कोबी आणि मग विष, हे झालं. आता आधी विष द्यायचं, साधा खुराक चालू ठेवायचा आणि टोचून पूर्ण झाल्यानंतर कोबी सुरू करायचा. "लोक आजारी पडल्यावरच खाण्यापिण्याकडे बघतात," ती म्हणाली होती. "तेव्हा काय होतं ते नको का बघायला?" पुन्हा तेच दळणं, त्याच वड्या, तेच पिंजरे. सुट्टीच्या दिवशीही खुराक घालायला तिलाच यावं लागायचं, कारण आमच्याकडे माणसं कमी होत होती आणि नवीन कुणी येत नव्हतं.

हे उंदीर अजून जिवंत होते, त्या हिवाळ्यात उरोश आजारी पडला.

आजार खरं तर बऱ्याच आधीपासून होता. शौचातून रक्त जायचं आणि तो मूळव्याध म्हणून सोडून द्यायचा. बायकोला, स्मिल्याला, त्यानं सांगितलं नव्हतं. बहीण आतड्याच्या कॅन्सरवर काम करते, तिलाही नाही. एके दिवशी कोबीचं पिंप हलवताना चक्कर येऊन पडला, तेव्हा सगळं उघडकीस आलं. नदीपलीकडच्या कॅन्सरच्या रुग्णालयात त्याचं ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा काढला. त्या तुकड्याचा काप पाहायचं काम माझं नव्हतं, तिथले लोक होते. पण देसांकानं मला त्या काचा आणून दिल्या आणि म्हणाली, "तू पण बघ." मी पाहिल्या. तिथल्यांनी लिहिलं होतं तेच होतं. गाठ आतड्याची भिंत ओलांडून बाहेर गेली होती, शेजारच्या काही लसिका ग्रंथींत शिरली होती.

"केमो घेतली तर बऱ्यापैकी आशा आहे," मी म्हटलं.

तिनं काचा परत डबीत ठेवल्या. एवढी वर्षं मी तिला सांगत आले होते, कुठे, किती, कसल्या. तिनं त्या दिवशी त्यातलं काहीच विचारलं नाही.

उरोशनं केमोच्या दोन फेऱ्या घेतल्या आणि तिसरीला गेला नाही. स्मिल्याचा फोन आला. तो म्हणतो, माझं औषध माझ्या शेतात आहे. सकाळी उठल्याउठल्या पिंपातलं आंबट पाणी पेलाभर, नाश्त्याला कच्चा कोबी, दुपारी शिजवलेला, रात्री आंबवलेला. गावातले लोक येऊन शाबासकी देऊन जातात. एकानं तर आपल्या शेतातला गड्डा आणून दिला, हा जास्त गोड आहे म्हणून.

देसांका दोनदा जाऊन त्याच्याशी बोलून आली. दुसऱ्या वेळी मी बरोबर होते.

"तो प्रयोग तुझ्यासारख्यासाठी नव्हता," ती म्हणाली.

"तुला बोलता येत नाही, कळतं मला," उरोश म्हणाला. तो खुर्चीत बसला होता, अंगात दोन स्वेटर, चेहरा पिवळट. पण डोळे मिश्किल होते. "औषधाच्या कंपन्या बसल्यात ना वर. कोबी खाऊन माणसं बरी व्हायला लागली तर त्यांनी काय विकायचं? तू गप्प बस, नोकरी सांभाळ. मी समजून घेतो."

"उरोश, मला कुणी गप्प बसवलेलं नाही. मला कुणी विचारतसुद्धा नाही."

"तेच तर. म्हणून मी म्हणतोय, माझी बहीण हुशार आहे, तिला किंमत नाही."

परत येताना माझ्या गाडीत ती एकदाच बोलली. "माझ्यावर विश्वास ठेवतोय आणि माझं ऐकत नाहीये," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा दुसऱ्या प्रयोगातले उंदीर संपले. म्हणजे संपवावे लागले. ते काम देसांका स्वतः करते, कुणाला सांगत नाही. त्या आठवड्यात ती जेवायला आली नाही. काचा माझ्याकडे आल्या आणि मी नेहमीसारख्या पाहत गेले, गठ्ठ्यामागून गठ्ठा. मनात मी कुठेतरी एक बाजू घेतलीच होती. प्रत्येक स्वच्छ काच आली की वाटायचं, ही कोबीची असू दे.

तसं झालं नाही. नावं उघडली तेव्हा दोन्ही गट सारखे निघाले. किंबहुना कोबीच्या गटात गाठी थोड्या जास्तच होत्या. त्यातून काही सिद्ध व्हावं इतक्या नव्हत्या, पण कमी तर अजिबात नव्हत्या.

आम्ही दोघी कागद घेऊन बुगार्स्कींच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, खाली करून वाचलं.

"पहिला भाग आधी छापून टाकू," ते म्हणाले. "हा नंतर, सवडीनं. दोन्ही एकत्र दिले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल."

"होऊ दे गोंधळ," देसांका म्हणाली. "गोंधळच आहे."

"देसांका, तुम्ही दमलेल्या आहात."

"हो सर. तुम्हीही दमला आहात. म्हणूनच म्हणते, एकदाच करू. वेगवेगळं करायची ताकद माझ्यात नाही."

त्यांनी कागद पुन्हा चाळले. मग म्हणाले, "रेडिओवर मी असं म्हटलं नव्हतं की आजाऱ्यांनी खावा."

"नव्हतं म्हटलं."

"तुमच्या भावाचं कसं आहे?"

"कोबी खातोय," देसांका म्हणाली.

बुगार्स्कींनी पेन काढलं आणि दोन्ही भाग एकत्र पाठवायच्या कागदावर सही केली. मला त्या माणसाबद्दल तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही गावाला गेलो. तिनं मला का नेलं ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं, काचा मी पाहिल्या होत्या म्हणून. स्मिल्यानं जेवायला वाढलं. आमच्यासाठी कोंबडीचं सूप आणि भाजलेले बटाटे होते. उरोशपुढे खोलगट ताटात कोबी. तो आणखी वाळला होता. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. एक घास घ्यायचा, बराच वेळ चावायचा, मग पाणी प्यायचा.

"बोल ताई," तो म्हणाला. "चेहरा अगदी आईसारखा झालाय. गाय मेली की व्हायचा तिचा असा."

"दुसरा प्रयोग संपला."

"मग?"

"या वेळी कोबी नंतर दिला होता. विष टोचून झाल्यावर."

"आणि?"

"काही उपयोग झाला नाही, उरोश."

त्यानं काटा खाली ठेवला. "काहीच नाही?"

देसांकानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साधा खुराक खाणाऱ्यांइतक्याच गाठी होत्या. थोड्या जास्तच म्हणा."

"जास्त."

"त्या जास्तीला तसा काही अर्थ नाही," देसांका म्हणाली.

"पण कमी नाहीत."

"नाहीत."

स्मिल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"नीट सांग मला," उरोश म्हणाला. "डॉक्टरकीचं नको. आधी दिला तर चालतो आणि नंतर दिला तर नाही, असं कसं? कोबी तोच. माझ्याच शेतातला."

"आधी दिला तेव्हा त्यानं विषाला वाटेतच अडवलं. यकृतानं ते श्वासावाटे बाहेर टाकलं, आतड्यापर्यंत पोचूच दिलं नाही. त्याचं काम तेवढंच आहे. एकदा विष पोचलं, पेशी बिघडल्या, की मग कोबीला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. बिघडलेल्या पेशी तो ओळखतसुद्धा नाही. त्याच्या लेखी ते आतडंच."

उरोशनं बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडावर बोट फिरवलं. तो चिडेल असं मला वाटलं होतं. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

"बरं," तो म्हणाला. "पण मग मला एक सांग. मी आधीही खातच होतो की. जन्मापासून. दात यायच्या आधी आईनं चावून भरवला असेल. तुझे उंदीर काय खाणार माझ्यापुढे? मग माझ्या वेळी का नाही अडवलं त्यानं?"

बाहेर कुणाची तरी मोपेड रस्त्यानं गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

"मला माहीत नाही," देसांका शेवटी म्हणाली. "उंदराला काय टोचलं ते मला माहीत असतं. मीच टोचते. कधी टोचलं, किती टोचलं, सगळं माहीत असतं. तुझ्या पोटात काय गेलं, कधी गेलं, कुठून गेलं, हे कुणालाच माहीत नाही. सिगारेट असेल. धुरी दिलेलं डुक्कर असेल, राकियाची दारू असेल. आपल्या आजोबांकडून आलेलं काही असेल. किंवा यातलं काहीही नसेल. तू उंदीर नाहीस, उरोश. मी फक्त उंदरांबद्दल सांगू शकते. तेसुद्धा याच जातीच्या, याच विषाबद्दल."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"एवढी वर्षं शिकून."

त्यात टोमणा नव्हता. एखाद्याला किती लांबून चालत आलास असं विचारावं, तसं तो म्हणाला. देसांकानं मान हलवली. "हो," ती म्हणाली. "एवढी वर्षं शिकून."

मग ती म्हणाली, "केमो परत सुरू कर. त्यांना मी विचारलंय. उशीर झालाय, पण घेतील म्हणतात."

"तिथे काय होतं माहितीय तुला?" उरोश म्हणाला. "बाटली लावतात आणि मी खिडकीतून पार्किंग बघतो. घरी आलो की ओकतो. बोटं अशी बधिर होतात की शर्टाची बटणं स्मिल्या लावते. इथे निदान मी काहीतरी करत होतो. माझ्या हातानं लावलेलं, माझ्या हातानं कापलेलं, ते खात होतो. त्यातून बरं वाटत होतं असं नाही. पण मी करत होतो."

तो उठला, भिंतीला धरून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. ताटातला कोबी तसाच होता.

देसांका अंगणात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागून गेले. थोड्या वेळानं स्मिल्या आली. ती हात पदरात पुसावेत तसे एप्रनला पुसत होती, पण हात कोरडेच होते.

"रोज सकाळी तो उठत होता ते त्या कोबीसाठी," ती म्हणाली. "अंगात ताप असला तरी उठायचा. म्हणायचा, चल, माझ्या डोसची वेळ झाली. आता उद्या मी त्याला काय सांगून उठवू, ताई?"

"दवाखान्यात जायचंय म्हणून उठव."

"तू उठव मग. तुझं काय जातं? तुझं तू सांगून मोकळी झालीस."

स्मिल्यानं देसांकाकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"त्याचं पोट दुखायचं त्या कोबीनं," ती म्हणाली. "खाल्लं की तासभर भिंतीला टेकून उभा राहायचा. घाम यायचा. मला म्हणायचा, ताईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल." ती खाली बसली, विहिरीच्या कट्ट्यावर. "मला तर तो वाससुद्धा नकोसा झालाय. ज्या घरात सून म्हणून आले तिथे दुसरं काही पिकतच नाही, आणि मला तो वास नकोसा झालाय. हे मी कुणाला सांगू?"

देसांका तिच्या शेजारी बसली. दोघींचं आपसात कधी फारसं जमलं नव्हतं. स्मिल्याच्या मते देसांका गर्विष्ठ, आणि देसांकाच्या मते स्मिल्या नवऱ्याला डोक्यावर बसवणारी. त्या दिवशी दोघींनाही ते आठवायचा कंटाळा आला असावा. निघताना स्मिल्यानं आमच्या गाडीत अंडी ठेवली.

त्यानंतर काही दिवस तिकडून काही कळलं नाही. देसांका कामावर यायची, रिकाम्या पिंजऱ्यांच्या खोलीत उगाच जाऊन यायची. फोन करावा का, असं तिनं मला दोन-तीनदा विचारलं आणि दर वेळी मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली, नको.

फोन स्मिल्याचाच आला. "तो विचारतोय, तुझ्या मैत्रिणीची गाडी चालू आहे का. बसनं जायला त्याला लाज वाटते, मध्येच उतरावं लागलं तर."

देसांकाकडे गाडी नव्हती. माझ्याकडे होती, जुनी, हीटर अर्धवट चालणारी. म्हणून त्या सगळ्या वसंतात आणि उन्हाळ्यात मी त्या दोघांना रुग्णालयात नेत होते आणि परत आणत होते. पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उरोशची फाईल उघडून विचारलं, "मधे कुठे होता?"

"प्रयोगात होतो," उरोश म्हणाला.

त्यांनी देसांकाकडे पाहिलं. त्या एकमेकींना ओळखत होत्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

पुढचं सगळं सांगते. त्यानं केमो पूर्ण केली. बोटांचा बधिरपणा गेला नाही, पण तो शेतात जायला लागला. त्या वर्षीचा कोबी त्यानं स्वतः लावला, कापणीला मात्र माणसं लावावी लागली. जेवणात स्मिल्या त्याला जे पचेल ते द्यायची, भात, बटाटे, कधी मासा. दीडेक वर्षानं आजार परत आला, यकृतात. तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो घरी, आपल्या पलंगावर गेला. मधले महिने केमो सोडली नसती तर जास्त जगला असता का, असं देसांकानं मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं जे ती त्याला म्हणाली होती, मला माहीत नाही. गावात मात्र लोकांनी ठरवून टाकलं. अर्ध्यांचं म्हणणं कोबी सोडला म्हणून गेला, अर्ध्यांचं म्हणणं बहिणीनं त्याच्यावर प्रयोग केला. आमचा लेख छापून आला, दोन्ही भाग एकत्र. त्यावर फार कुणी काही बोललं नाही.

त्या सगळ्यातली एक दुपार मला राहून राहून आठवते. उन्हाळा होता. चौथी की पाचवी फेरी झाली होती. परत येताना उरोश मागच्या सीटवर झोपला. एरवी त्याला गाडीत मळमळायचं, दोनदा थांबावं लागायचं. त्या दिवशी पूल ओलांडायच्या आतच त्याची मान कलली. देसांका त्याच्या शेजारी बसली होती. तिनं आपलं जाकीट काढून खिडकी आणि त्याच्या डोक्याच्या मधे सारलं.

गावात पोचलो. मी गाडी त्यांच्या फाटकासमोर, अक्रोडाच्या सावलीत लावली आणि इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे चालू," देसांका हळूच म्हणाली. "आवाज थांबला तर उठेल."

आम्ही तशाच बसलो. उरोशचं तोंड थोडं उघडं होतं, छाती सावकाश वरखाली होत होती. स्मिल्या घराबाहेर आली. तिनं काचेतून आत पाहिलं, झोपलेला नवरा पाहिला, आमच्याकडे पाहून मान हलवली आणि परत आत गेली. थोड्या वेळानं कॉफीचे दोन कप घेऊन आली आणि खिडकीतून एक मला, एक देसांकाला दिला. स्वतः फाटकाला टेकून उभी राहिली.

पेट्रोल जळत होतं, ते मी जळू दिलं. देसांकानं कॉफी संपवली, कप मांडीवर धरून ठेवला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं पाहिलं तर तीही झोपली होती.